दाराशी उभी असलेली श्रीमंती : जपान आणि ऑस्ट्रेलिया

माणसाची संपत्ती किती, हे शेजाऱ्याला कळावे की कळू नये, हा प्रश्न फार जुना आहे. हत्ती, पालखी, अब्दागीर यांचा काळ सरला आणि विसाव्या शतकात ते काम मोटारीकडे आले. संस्थानी शहरांत वाढलेल्या आपल्या वाचकांना हे वेगळे सांगावयास नको. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग अजूनही मोटारींच्या इतिहासात नावाने ओळखली जाते. तथापि ज्या समाजांना श्रीमंतीचे प्रदर्शन मुळातच खटकते, अशा दोन समाजांत या वाहनाचे काय झाले, ते पाहणे अधिक उद्बोधक आहे. जपान आणि ऑस्ट्रेलिया हे ते दोन समाज होत.

जपानमधील संकोचाची मुळे तोकुगावा राजवटीत आहेत. त्या काळच्या समाजरचनेत व्यापाऱ्याचे स्थान सामुराई, शेतकरी व कारागीर यांच्याही खाली होते. त्याच्या हाती पैसा होता. पण त्याने कोणते वस्त्र ल्यावे, कसे घर बांधावे, यावर शासनाचे निर्बंध होते. ओसाकातील योदोया तात्सुगोरो या धनाढ्य व्यापाऱ्याची सारी मालमत्ता १७०५ मध्ये जप्त झाली, आणि ठपका होता तो आपल्या पायरीला न शोभणाऱ्या ऐषारामाचा. अनेक सरदार त्याच्या घराण्याचे कर्जदार होते, हेही येथे विसरून चालणार नाही. अशा वातावरणात शहरी धनिकांनी वरून साधा दिसणारा अंगरखा घालून त्याला आतून किमती रेशमाचे अस्तर लावण्याची रीत पत्करली.

दुसऱ्या महायुद्धानंतर झाइबात्सु, म्हणजे काही घराण्यांच्या ताब्यातील प्रचंड उद्योगसमूह, मोडून काढण्यात आले. १९४६ मध्ये एकवार मालमत्ता कर बसविला गेला आणि त्याचा सर्वांत वरचा दर ९० टक्के होता. जुनी श्रीमंती अशी धुऊन निघाल्यावर नवा मध्यमवर्ग उभा राहिला तो पगारदारांचा. १९५५ मध्ये टोयोटाची क्राउन आली, १९६६ मध्ये छोटी कोरोला आली. कारकुनाने कोरोलापासून आरंभ करावा, बढतीबरोबर पायऱ्या चढाव्या आणि उतारवयात क्राउनपर्यंत पोहोचावे, असा जणू अलिखित आश्रमधर्मच तेथे रूढ झाला. ‘कधी तरी क्राउन’ अशा आशयाची १९८३ ची जाहिरात तेथे म्हणीसारखी लोकांच्या तोंडी बसली. त्याही वर होत्या निस्सानची प्रेसिडेंट (१९६५) आणि टोयोटाची सेंच्युरी (१९६७). साकिची टोयोदा यांच्या जन्मशताब्दीवरून नाव घेतलेली ही सेंच्युरी बहुधा काळ्या रंगाची असे, आणि तिच्या बैठकींना कातड्याऐवजी लोकरी कापड लावण्याची चाल होती. रेशमी अस्तराची जुनी रीत मोटारीतही उतरली, असे म्हणावयास हरकत नाही.

या संयमामागे स्वभावाइतकाच करांचा धाक होता. १.७ मीटरहून रुंद किंवा २००० घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाची मोटार वेगळ्या वर्गात मोडे. तिच्यावर वस्तुकर २३ टक्के, तर लहान मोटारीवर १८.५ टक्के, आणि वार्षिक वाहनकर तर दुपटीहून अधिक. साहजिकच बड्या मोटारींचेही बहुतेक नमुने या मापात बसवून बनविले जात. १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन महाग झाला, व्याजदर उतरले, जमिनी व समभाग यांचे भाव आकाशाला भिडले. जानेवारी १९८८ मध्ये निस्सानने हे माप ओलांडणारी ‘शीमा’ बाजारात आणली. स्पॅनिश भाषेतील ‘शिखर’ या अर्थाच्या शब्दावरून हे नाव घेतले होते. पहिल्याच वर्षी तीस हजारांहून अधिक शीमा विकल्या गेल्या व वर्तमानपत्रांनी त्याला ‘शीमा-घटना’ असे नाव दिले. एप्रिल १९८९ मध्ये वस्तुकर रद्द होऊन सर्वसाधारण उपभोग कर आला. त्याच वर्षी टोयोटाची सेल्सिओर अवतरली. अमेरिकेत हीच मोटार लेक्सस म्हणून विकली जाई. वर्षाच्या अखेरच्या व्यवहारात, २९ डिसेंबरला, निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर बंद झाला. ती पातळी पुन्हा ओलांडण्यास त्याला फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. तेथे सरंजामी परंपरा नव्हती. कष्टकरी वसाहतकऱ्यांचा, निदान गोऱ्या पुरुषांपुरता, बरोबरीचा अभिमान होता. भाड्याच्या मोटारीत एकट्या उताऱ्याने मागे न बसता चालकाशेजारी बसावे, ही तेथील जुनी चाल त्यातूनच आली. जो इतरांहून डोके वर काढील त्याला ‘उंच खसखशीचे रोप’ म्हणतात, आणि रोप उंच झाले की ते छाटण्याकडे लोकांचा कल असतो. या उपमेचे मूळ रोमन राजा तार्क्विनच्या कथेत आहे.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी पंतप्रधान बेन चिफ्ली यांनी फिशरमन्स बेंड येथे पहिल्या होल्डन मोटारीचे अनावरण केले. किंमत करासह ७३३ पौंड. चिफ्ली स्वतः पूर्वाश्रमीचे रेल्वे इंजिनचालक. ही मोटार सर्वसामान्य कुटुंबाची म्हणून गौरविली गेली. पुढे स्टेट्समन (१९७१) व फोर्डची फेअरलेन या देशी ऐषारामी मोटारी निघाल्या. पण त्याही होल्डन व फोर्डच्या घरगुती मोटारींच्याच लांबविलेल्या आवृत्त्या होत्या.

१९८० च्या दशकात दोन्ही देश एकाच ज्वराने तापले. पर्थचे उद्योगपती ॲलन बाँड यांनी १९८७ मध्ये व्हॅन गॉगचे ‘आयरिसेस’ ५.३९ कोटी डॉलरांना घेतले, तेही बरेचसे उसन्या पैशांवर. त्याच वर्षी एका जपानी विमा कंपनीने त्याच चित्रकाराची ‘सूर्यफुले’ घेतली होती. १९९२ मध्ये बाँड दिवाळखोर ठरले. शीमाच्या खरेदीदारांनाही त्या सुमारास हप्त्यांची चिंता लागली असावी.

दोन्ही देशांचा संबंध केवळ साम्याचा नाही. १९३८ मध्ये ऑस्ट्रेलियाने लोहखनिजाच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा जपानविषयीची शंका त्यामागे होती. १९६० मध्ये बंदी उठू लागली आणि १९६६ पासून पिलबाराचे खनिज जपानी पोलादभट्ट्यांकडे बोटींनी जाऊ लागले. त्या पोलादाच्या मोटारी परत ऑस्ट्रेलियात आल्या. १९८० च्या दशकात ५७.५ टक्क्यांपर्यंत असलेली आयात जकात २०१० मध्ये ५ टक्क्यांवर आली. ऑक्टोबर २०१७ मध्ये टोयोटाचा आणि होल्डनचा असे शेवटचे दोन कारखाने बंद झाले.

आता मुख्य मुद्दा. जुलै २००० मध्ये ऑस्ट्रेलियाने ठरावीक किमतीवरील मोटारींवर २५ टक्के ‘ऐषारामी मोटार कर’ बसविला; २००८ मध्ये तो ३३ टक्के झाला. संरक्षण देण्याजोगा देशी कारखाना उरला नाही, त्यानंतरही तो टिकला. परंतु त्याच देशाने केंद्रीय वारसाकर १९७९ मध्ये रद्द केला होता आणि पाठोपाठ राज्यांनीही तो सोडला. म्हणजे दाराशी उभ्या असलेल्या मोटारीवर कर, पण बापाकडून लेकाला जाणाऱ्या घरावर व समभागांवर नाही. जपानने याच्या उलट केले. १९८९ मध्ये मोटारीवरचा ऐषारामी कर काढला. वारसाकर मात्र ठेवला. त्याचा कमाल दर १९८८ पूर्वी ७५ टक्के होता, २०१५ पासून ५५ टक्के आहे. कर भरण्यासाठी वारसांनी वडिलोपार्जित जागेचे तुकडे करून विकावे, हे तेथे नित्याचे. शिवाय वर्षाला एक कोटी येनहून अधिक प्राप्तिकर भरणाऱ्यांची नावे २००५ पर्यंत जाहीर होत. खासगीपणा व गुन्हेगारी यांच्या भीतीने २००६ मध्ये ती प्रथा बंद झाली.

समता कोणी अधिक जपली? मोटारीकडे पाहून उत्तर दिले तर ते ऑस्ट्रेलियाच्या बाजूने जाईल. पण तीन पिढ्यांच्या कागदपत्रांकडे पाहिले तर पारडे जपानकडे झुकते. मोटार दहा-पंधरा वर्षांत गंजते, जमीन गंजत नाही. आपल्या देशातही संपदा शुल्क १९५३ मध्ये आले आणि १९८५ मध्ये गेले. ते आल्या-गेल्याने आपल्या जुन्या वाड्यांचे काय झाले, हे प्रत्येक घराण्याने स्वतःच्या दप्तरात पाहावे. शेजारच्या दारातील मोटारीविषयी आपण जितके बोलतो, त्याच्या निम्मेही वारशाविषयी बोलत नाही.