मुंबईचा हिशेब : संयुक्त महाराष्ट्राची मागणी आणि तिच्या खर्चाचे अंदाज

१.
संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची हकिगत बहुधा हौतात्म्याच्या अंगाने सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटन परिसरात झालेल्या गोळीबारात पंधरा जण मृत्युमुखी पडले. पुढील काही महिन्यांत ही संख्या शंभरापलीकडे गेली. या लढ्याला आणखी एक अंग होते, ते जमाखर्चाचे. मुंबई महाराष्ट्रात आली तर कोणाच्या तिजोरीत किती भर पडेल आणि कोणाची तिजोरी किती रिकामी होईल, या प्रश्नावर बारा-पंधरा वर्षे वाद झडला. हा धागा त्या हिशेबाचा.

२.
नागरिकांनी राज्यघटनेत बदल सुचवायचा आणि मतदारांनी त्यावर थेट कौल द्यायचा, अशी सोय जगात काही ठिकाणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये अठरा महिन्यांत एक लाख सह्या गोळा झाल्या की घटनादुरुस्तीची मागणी मतदानाला जाते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात तर सह्यांच्या बळावर आलेल्या प्रस्तावासोबत सरकारी अर्थतज्ज्ञांच्या मंडळाने केलेला आर्थिक परिणामाचा अंदाज मतपत्रिकेवरच छापला जातो. प्रस्ताव मंजूर व्हायला साठ टक्के मते लागतात. मत देण्याआधी त्याची किंमत ठाऊक असावी, हा त्यामागचा विचार.

३.
भारतीय राज्यघटनेत असा मार्ग नाही. अनुच्छेद ३ नुसार राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा. संबंधित विधानमंडळाचे मत मागवले जाते, परंतु ते संसदेवर बंधनकारक नसते. अनुच्छेद ४ नुसार असा कायदा तांत्रिक अर्थाने घटनादुरुस्तीही ठरत नाही; तरी १९५६ ची राज्य पुनर्रचना सातव्या घटनादुरुस्तीला बरोबर घेऊनच आली. म्हणजे देशाचा घटनात्मक नकाशा बदलण्याची मागणी लोकांनी करायची ती परिषदा, निवेदने, मोर्चे आणि निवडणुका यांच्या वाटेने. त्या मागणीचा आर्थिक अंदाज मतदारांपुढे मांडण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नव्हती. परिणामी प्रत्येक पक्षाने आपापली वही उघडली.

४.
मे १९४६ मध्ये बेळगावच्या मराठी साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्याच वर्षी जुलैत मुंबईत शंकरराव देव यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्र परिषद भरली. मागणी सांस्कृतिक भाषेत जन्मली खरी, परंतु दोनच वर्षांत तिला आकड्यांच्या भाषेत उत्तरे देणे भाग पडले.

५.
१९४८ मध्ये भाषावार प्रांतांच्या प्रश्नासाठी दार आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाराष्ट्र प्रांताविषयी निवेदन सादर केले. हा प्रांत स्वतःच्या पायावर उभा राहू शकेल काय, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी नियोजित महाराष्ट्राचे क्षेत्रफळ, लोकसंख्या आणि महसूल यांची तुलना अमेरिकेतील राज्यांशी केली. त्यानंतर ते मुंबईकडे वळले आणि मुंबई वगळण्याच्या बाजूने मांडल्या जाणाऱ्या एकेका युक्तिवादाचा त्यांनी समाचार घेतला.

६.
त्यातला एक युक्तिवाद थेट पैशाचा होता : महाराष्ट्राला मुंबई हवी आहे ती तिच्या शिलकीवर जगण्यासाठी. पुढे १९५४ मध्ये सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्या अध्यक्षतेखालील, जे. आर. डी. टाटांसारखे उद्योगपती सदस्य असलेल्या मुंबई नागरिक समितीनेही मुंबईचे स्वतंत्र अस्तित्व राखावे, अशी मागणी राज्य पुनर्रचना आयोगाकडे केली. मुंबईच्या भांडवलाला, बंदराला आणि बहुभाषिक व्यापाराला एका भाषेच्या राज्यात धोका आहे, ही तिची भूमिका.

७.
दुसऱ्या बाजूला पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ उभे होते. १९३० मध्ये संस्था स्थापन झाल्यापासून तिची धुरा त्यांच्याकडे होती आणि परिषदेची आर्थिक बाजू मांडण्यात त्यांचा मोठा वाटा होता. मुंबई हे पाठीमागच्या प्रदेशापासून तोडता येणारे बेट नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. मुंबईची शिलक मोजायची तर आधी ती शिलक निर्माण कोठे होते, हे पाहणे आवश्यक ठरते.

८.
हा मुद्दा समजायला परळ-लालबागचा नकाशा पुरेसा आहे. कर भरणाऱ्या कंपन्यांच्या पेढ्या फोर्टात; गिरण्यांची धुराडी परळ, लालबाग, भायखळ्यात; आणि त्या चालवणारा कामगार कोकणातला व घाटावरचा. त्याचे कुटुंब गावी राही, म्हातारपणी तोही गावीच परते. म्हणजे त्याला लहानाचा मोठा करण्याचा आणि उतारवयात सांभाळण्याचा खर्च रत्नागिरी-साताऱ्याच्या खेड्यांच्या माथी, तर त्याच्या श्रमातून आलेला कर मुंबईच्या खाती. अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही लढ्यात गाजलेली लावणी याच ताटातुटीवर उभी आहे.

९.
पाणी आणि विजेचेही तसेच. १८९२ पासून मुंबई ठाणे जिल्ह्यातील तानसाचे पाणी पीत होती. १९१५ पासून खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज गिरण्यांना मिळत होती. आंबेडकरांनी १९४८ च्या निवेदनात नेमका याच अवलंबित्वावर बोट ठेवले होते : वीज आणि पाणी महाराष्ट्राने रोखले, तर हे शहर मोहेंजोदडोसारखे ओसाड होईल. शहराच्या जमाखर्चात पाणीपट्टी दिसते, परंतु धरणाखाली गेलेली जमीन ज्या तालुक्याची, त्याचे नाव त्या वहीत नसते.

१०.
प्राप्तिकराबाबतचा गैरसमज तर सर्वांत मोठा होता. मुंबईत गोळा होणारा प्राप्तिकर मुंबई ज्या राज्यात असेल त्याला आपोआप मिळेल, असे अनेकांना वाटे. प्रत्यक्षात तो केंद्राकडे जाई. पहिल्या वित्त आयोगाने त्यातील ५५ टक्के राज्यांना द्यायचे ठरवले आणि ती रक्कम वाटताना ८० टक्के भार लोकसंख्येला, अवघा २० टक्के भार वसुलीच्या ठिकाणाला दिला. दुसऱ्या आयोगाने राज्यांचा वाटा ६० टक्के केला आणि वसुलीचा भार १० टक्क्यांवर आणला. मुंबईची पेढी कोणत्या राज्यात आहे, याला त्या वाटपात फारसे वजन उरले नव्हते.

११.
याचा अर्थ मुंबईचा आर्थिक लाभ काल्पनिक होता असा नव्हे. विक्रीकरासारखे राज्याचे स्वतःचे कर या शहरात मोठ्या प्रमाणावर गोळा होत आणि ते राज्याच्याच तिजोरीत राहत. मुंबई ज्याच्याकडे जाईल त्याची बाजू त्या अंशाने भक्कम होणारच होती. किती अंशाने, हे दोन्ही बाजूंना मान्य होईल अशा त्रयस्थ आकड्यात मतदाराला सांगणारे कोणी नव्हते. त्यामुळे एकीकडे शिलक फुगवून सांगितली गेली, दुसरीकडे तिचा उल्लेखच कमीपणाचा मानला गेला.

१२.
१९५५ च्या सप्टेंबरअखेर फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या आयोगाचा अहवाल आला. मुंबईसह गुजरात, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र यांचे द्वैभाषिक राज्य; विदर्भ मात्र स्वतंत्र. विदर्भाच्या बाबतीत आयोगाने आर्थिक स्वावलंबनाचा विचार केला आणि तो प्रदेश आपला भार स्वतः वाहू शकेल, असे मत दिले. येथे आणखी एक गुंता दिसतो : विदर्भाची शिलक विदर्भवाद्यांना स्वातंत्र्याचे कारण वाटली, तर मुंबईची शिलक मुंबई अलग ठेवू पाहणाऱ्यांना. ज्याच्याकडे जादा पैसा, त्याला वेगळे राहण्याचा हक्क, हे तत्त्व एकदा मान्य केले की गरीब जिल्ह्यांनी जायचे कोठे?

१३.
त्यानंतरच्या घटना सर्वपरिचित आहेत. नोव्हेंबरात त्रिराज्याची योजना. १६ जानेवारी १९५६ ला मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा. गिरगाव, दादर, परळ, लालबाग पेटून उठले. ६ फेब्रुवारीला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. जुलैत केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी राजीनामा दिला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर राहिलेल्या या माणसाला आकडे इतरांहून अधिक कळत होते. त्यांचा आक्षेप मात्र निर्णय ज्या रीतीने घेतला गेला त्या रीतीवर होता. अखेर १ नोव्हेंबर १९५६ रोजी विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले.

१४.
१९५७ ची निवडणूक मग लोकांनीच सार्वमत करून टाकली. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर तडाखा बसला. गिरणगावचे नेते श्रीपाद अमृत डांगे मुंबई मध्य मतदारसंघातून लोकसभेवर गेले, तर १९५८ मध्ये कम्युनिस्ट नेते एस. एस. मिरजकर मुंबईचे महापौर झाले. मतपेट्यांवर उमेदवारांची चिन्हे होती, राज्याच्या खर्चाचा अंदाज कोठेच नव्हता. चाळीतल्या मतदाराला त्याची उणीव भासलीही नसेल. ज्याने आळीतला पोरगा गोळीला बळी पडलेला पाहिला, त्याच्यापुढे विक्रीकराचा तक्ता धरून काय उपयोग होता?

१५.
तक्ता निघाला तो निर्णय झाल्यानंतर. १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्यात गुजरातच्या सुरुवातीच्या वर्षांतील महसुली तुटीचा अंदाज बांधण्यात आला. ती भरून काढण्यासाठी आणि नव्या राजधानीसाठी महाराष्ट्राने रक्कम द्यावी, असे ठरले. राजधानीपोटी दहा कोटी रुपयांचा आकडा होता. द्वैभाषिक राज्य मोडण्याची किंमत अशी प्रथमच कायद्याच्या कलमांत उतरली. ती ठरवली नेत्यांनी आणि अधिकाऱ्यांनी. मतदारांना ती कळली, तोवर १ मे उजाडत आला होता.

१६.
विदर्भाचा हिशेब त्याहून लांबला. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च करण्याचे, मराठवाड्याकडे विशेष लक्ष देण्याचे आणि नागपुरास अधिवेशन भरवण्याचे आश्वासन होते. सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये विकास मंडळांची आणि निधीच्या न्याय्य वाटपाची तरतूद केली. या सगळ्यात तत्त्व होते, आकडा नव्हता. खर्च ठरल्याप्रमाणे झाला की नाही, हे कोणत्या वहीशी ताडून पाहायचे, ते कोठेही लिहिलेले नव्हते.

१७.
ती वही १९८४ मध्ये तयार झाली. वि. म. दांडेकर यांच्या समितीने रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीमागे राहिलेल्या जिल्ह्यांचा अनुशेष काढला. एकूण ३,१८६.७८ कोटी रुपये. त्यातील विदर्भाचा १,२४६.५५ कोटी, मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९.३८ कोटी. दांडेकर हे गाडगिळांच्याच गोखले संस्थेतले. राज्य व्हावे म्हणून आर्थिक बाजू मांडणारी संस्था एकच, आणि राज्य झाल्यावर चोवीस वर्षांनी त्याची थकबाकी मोजणारा अर्थतज्ज्ञही तिथलाच.

१८.
या आकड्यांवरही वाद झाला, आणि तो शिकण्यासारखा आहे. समितीने जिल्हा हे एकक धरले. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातील व कोकणातील मागास जिल्हेही यादीत आले आणि उर्वरित महाराष्ट्राचा वाटा ३७ टक्क्यांवर गेला. प्रदेश हे एकक धरले असते तर चित्र वेगळे उमटले असते. मुंबईच्या प्राप्तिकरातही हेच घडले होते : पेढीचा पत्ता धरला की एक उत्तर, कामगाराचे गाव धरले की दुसरे.

१९.
शेजारी गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी मात्र थेट जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल, केंद्रशासित राहायचे असेल तर दोन पाने. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. मतदाराला प्रश्न थेट विचारला गेला, तरी त्यासोबत जमाखर्च नव्हता. फूल आणि पाने यांच्यामध्ये निवड करताना प्रत्येकाने आपल्या पोटापाण्याचा अंदाज स्वतःच बांधला.

२०.
१९५७ मध्ये मतपत्रिकेवर आर्थिक अंदाज छापला असता तर निकाल बदलला असता का? बहुधा नाही. मुंबईवरचा हक्क गिरगाव-परळने किमतीत मोजलाच नव्हता. फरक पडला असता तो नंतर. नागपूर कराराला आकड्याची जोड असती, तर अनुशेष साचताना दरवर्षी दिसला असता आणि विधानसभेत त्याचा जाब विचारता आला असता. फ्लोरिडातील अंदाजही वादातीत नसतात, त्यांवर खटले होतात. परंतु खटला भरायला आधी कागदावर एक आकडा असावा लागतो. महाराष्ट्रातल्या मतदाराला तो कागद मिळायला १९८४ साल उजाडावे लागले, आणि तोवर १९५७ मध्ये मत देणाऱ्यांपैकी कित्येकजण हयातही नव्हते.