ब्रिटनमधील जपानी कुटुंबवाहक मोटारी आणि विम्याचे गटकोष्टक

सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालविणाऱ्याने त्रयस्थाच्या इजेबद्दल विमा उतरविलाच पाहिजे, असे ब्रिटनमध्ये १९३० च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टने ठरविले. (भारतातील १९३९ च्या मोटार वाहन कायद्याचे विमाविषयक प्रकरण प्रत्यक्षात १९४६ साली अमलात आले.) या सक्तीची एक बाजू सहसा दुर्लक्षित राहते. सक्ती मालकावर आहे. अमुक एक गाडी स्वीकारलीच पाहिजे, असे बंधन विमा कंपनीवर नाही. ही विषमता ठळकपणे दृष्टीस पडली ती १९९० नंतर, जपानहून आलेल्या जुन्या सात-आठ आसनी मोटारींच्या निमित्ताने.

जपानमध्ये खाजगी मोटारीची ‘शाकेन’ नामक सक्तीची तपासणी प्रथम तीन वर्षांनी व पुढे दर दोन वर्षांनी करावी लागते. तिचा खर्च भारी असल्याने सुस्थितीतील गाड्याही लवकर विक्रीस निघतात. दोन्ही देशांत वाहतूक डाव्या बाजूने चालते, त्यामुळे सुकाणू हलविण्याचे कारण नव्हते. टोयोटा एस्टिमा, निस्सान एल्ग्रँड आणि १९९५ साली निघालेली माझदा बोंगो फ्रेंडी या गाड्या अशा रीतीने ब्रिटिश कुटुंबांच्या दारी पोहोचल्या. मैल दर्शविणारा वेगमापक व मागचा धुक्याचा दिवा बसविणे हे काम गॅरेजमध्ये उरकत असे. खरी अडचण पुढेच होती.

ब्रिटिश विमा कंपन्या हप्ता ठरविताना मोटारींच्या गटकोष्टकाचा आधार घेतात. सुट्या भागांची किंमत, दुरुस्तीस लागणारा वेळ, गाडीचा वेग आणि चोरीपासूनची सुरक्षितता यांवरून प्रत्येक नमुन्याचा गट ठरतो. उत्पादकाने ज्या गाड्या ब्रिटनमध्ये अधिकृतपणे विकल्याच नाहीत, त्यांना या कोष्टकात जागा नव्हती. जपानी देशांतर्गत गाड्यांचा चॅसिस क्रमांकही आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या सतरा अक्षरांहून आखूड. त्यामुळे कार्यालयातील नोंदयंत्रणाही अडखळे. मालकाची गाडी दारात उभी असे आणि कारकुनाच्या लेखी ती अस्तित्वातच नसे!

एस्टिमाचा प्रश्न अधिक नाजूक होता. हीच मोटार ब्रिटनमध्ये प्रिव्हिया या नावाने विकली गेली होती. कोष्टकात प्रिव्हिया सापडे, एस्टिमा सापडत नसे. साहजिकच अर्जात परिचित नाव लिहिण्याचा मोह होई. परंतु १९०६ च्या सागरी विमा कायद्यात ग्रथित झालेले परम सद्भावाचे तत्त्व सर्वच विम्यास लागू होते, आणि त्यानुसार महत्त्वाची बाब चुकीची सांगितल्यास, मग ती निर्हेतुक का असेना, कंपनी करार रद्द करू शके. नावाची ही सोय मालकास अपघातानंतर भोवण्याचा संभव होता. खाजगी ग्राहकापुरता हा कठोरपणा २०१२ च्या कायद्याने कमी केला. वाजवी काळजी घेऊन उत्तर देणे एवढेच कर्तव्य शिल्लक राहिले.

दरम्यान, आयात गाड्यांचा विमा उतरविणारे विशेष दलाल पुढे आले. जुन्या गाड्यांच्या ब्रिटिश मूल्यपुस्तिकांत या नमुन्यांचा भाव मिळणे कठीण, म्हणून गाडीची किंमत आधीच ठरवून घेण्याची पद्धत त्यांनी अनुसरली. बोंगोच्या कित्येक मालकांनी निराळाच मार्ग धरला. आत ओटा, चूल व बिछाना बसवून त्यांनी गाडीची नोंद निवासी मोटार म्हणून करून घेतली आणि त्या वर्गाचे विमापत्र घेतले.