ऑफिसचं काम आणि आपलं चॅटजीपीटी : ‘बीवायओएआय’ पॉलिसीत नेमकं काय असतं?

कंपनीने दिलेलं नसताना आपल्या फोनवर किंवा आपल्याच लॉगिनने ऑफिसच्या कामासाठी एआय टूल वापरणं, याला ‘ब्रिंग युअर ओन एआय’ म्हणजेच बीवायओएआय म्हणतात. मेल नीट लिहून घेणं, एक्सेलचा फॉर्म्युला विचारणं, मीटिंगचा सारांश काढणं हे सगळं यात आलं. आयटीवाले कंपनीच्या नकळत चालणाऱ्या अशा वापराला ‘शॅडो एआय’ म्हणतात. मायक्रोसॉफ्ट आणि लिंक्डइनच्या मे २०२४ च्या अहवालानुसार कामात एआय वापरणाऱ्यांपैकी ७८ टक्के लोक स्वतःची टूल्स आणतात. म्हणजे तुम्ही हे करत असाल तर एकटे नक्कीच नाही. पण ऑफिसचा नियम काय आहे हे माहीत नसेल तर नोकरीवर बेतू शकतं.

सॅमसंगमध्ये काय झालं?

या विषयावर बोलताना मी नेहमी सॅमसंगचं उदाहरण देतो, कारण त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. मार्च २०२३ मध्ये कंपनीच्या सेमीकंडक्टर विभागाने कर्मचाऱ्यांना चॅटजीपीटी वापरायला परवानगी दिली. जेमतेम तीन आठवड्यांत तीन प्रकार घडल्याचं कोरियन माध्यमांनी दिलं. दोघांनी कंपनीचा सोर्स कोड त्यात पेस्ट केला. एकाला चूक शोधायची होती, दुसऱ्याला कोड सुधारून हवा होता. तिसऱ्याने मीटिंगचं रेकॉर्डिंग मजकुरात बदललं आणि इतिवृत्त तयार करायला चॅटजीपीटीला दिलं. तुम्ही-आम्ही रोज करतो तेच की!

कंपनीने आधी एका प्रश्नाला १०२४ बाइट्सची मर्यादा घातली. (देवनागरीचं एक चिन्ह साधारणपणे तीन बाइट्स घेतं, म्हणजे मराठीत जेमतेम ३४० चिन्हं. एवढ्यात धड प्रश्नही मावायचा नाही.) मग मे २०२३ मध्ये कंपनीच्या कॉम्प्युटर, टॅब्लेट, फोन आणि अंतर्गत नेटवर्कवर अशा टूल्सना थेट बंदी आली. स्वतःच्या फोनवर वापरा, पण कंपनीची माहिती टाकू नका, आणि नियम मोडला तर नोकरीही जाऊ शकते, असं कर्मचाऱ्यांना कळवलं गेलं.

आपल्याकडेही केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २९ जानेवारी २०२५ च्या सूचनेत ऑफिसच्या कॉम्प्युटर आणि इतर उपकरणांवर चॅटजीपीटी, डीपसीकसारखी टूल्स वापरू नका असं सांगितलं. कारण तेच, सरकारी माहितीची गोपनीयता.

खरा फरक अकाउंटचा

बऱ्याच जणांना वाटतं की पॉलिसी म्हणजे कोणतं अ‍ॅप चालेल आणि कोणतं नाही याची यादी. माझ्या मते यादीपेक्षा अकाउंट कोणाचं आहे हे महत्त्वाचं. चॅटजीपीटीच्या वैयक्तिक अकाउंटवर, मग ते फुकट असो वा पैसे भरून घेतलेलं, तुमचे चॅट मॉडेलला शिकवायला वापरले जाऊ शकतात. सेटिंग्जमध्ये डेटा कंट्रोल्सखाली ‘इम्प्रूव्ह द मॉडेल फॉर एव्हरीवन’ बंद करता येतं. कंपन्यांसाठीच्या एंटरप्राइझ प्लॅनमध्ये मात्र हा वापर मुळातच बंद असतो. म्हणजे तेच अ‍ॅप, तोच प्रश्न, पण ऑफिसच्या लॉगिनने चालेल आणि तुमच्या जीमेलच्या लॉगिनने चालणार नाही.

सेटिंग बंद केली म्हणजे झालं, असंही नाही. चॅटजीपीटीचा टेम्पररी चॅटसुद्धा सुरक्षेसाठी ३० दिवसांपर्यंत त्यांच्याकडे राहू शकतो. जेमिनीच्या वैयक्तिक अकाउंटचे काही चॅट माणसं तपासतात आणि तपासलेले चॅट तीन वर्षांपर्यंत ठेवले जातात. गोपनीय काही टाकू नका, हे गूगल स्वतःच सांगतं. मग क्लायंटची फाइल तिथे टाकल्यावर ‘मी नंतर डिलीट केली’ हे उत्तर बॉसला पटणार कसं?

पॉलिसी वाचताना काय बघायचं?

सगळ्यात आधी माहितीचे प्रकार बघा. वेबसाइटवर आधीच असलेली माहिती एआयला द्यायला सहसा हरकत नसते. ग्राहकांची नावं, मोबाइल नंबर, पगार, करार, कोड, पासवर्ड यांना जवळपास सगळीकडे बंदी असते. याला कायद्याचंही कारण आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये, पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

दुसरं, उत्तराची जबाबदारी कोणाची? पॉलिसीत ती बहुतेक वेळा तुमच्यावरच असते. एआयने चुकीचा आकडा दिला आणि तुम्ही तो न तपासता पाठवला, तर चूक तुमच्या नावावर.

फोनवाल्यांनी आणखी एक बघावं. अँड्रॉइडवर ऑफिसने वर्क प्रोफाइल दिलं असेल, तर ऑफिसच्या अ‍ॅपमधून वैयक्तिक अ‍ॅपमध्ये कॉपी-पेस्ट बंद ठेवता येतं. मग काही जण लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोटो काढून तो एआयला देतात. जुगाड भारी आहे, पण नियमाच्या दृष्टीने ही माहिती बाहेर नेणंच झालं. मीटिंगमध्ये आपोआप नोट्स घेणाऱ्या अ‍ॅप्सचंही तसंच. तिथे तर समोरच्या माणसाचा आवाजही जातो, त्याला न विचारता.

पॉलिसीच नसेल तर?

लहान कंपन्यांत सर्रास असं असतं. पण पॉलिसी नाही म्हणजे परवानगी आहे असं धरू नका. ऑफर लेटरसोबत सही केलेला गोपनीयतेचा करार एआयलाही लागू पडू शकतो. मॅनेजरला दोन ओळींचा मेल टाका : ‘सर/मॅडम, मेलची भाषा सुधारण्यासाठी अमुक टूल वापरू का? ग्राहकाची माहिती त्यात टाकणार नाही.’ उत्तर तोंडी मिळालं तरी मेलवर मागून घ्या.

आणि नोकरी बदलणार असाल तर, वैयक्तिक अकाउंटमधल्या जुन्या चॅटमध्ये आधीच्या ऑफिसची कागदपत्रं पडलेली असतात. त्यांचं काय करायचं हे एचआरला शेवटच्या दिवसाआधीच विचारा.