गोव्यांतील खाजनशेती

मांडवी-जुवारीच्या कांठची खाजन जमीन ही मूळची खाडीची दलदल. १५१० मध्यें पोर्तुगीज येण्यापूर्वींच गांवकऱ्यांनीं बांध घालून ती पिकाखालीं आणिली. मात्र पाण्याशीं वैर धरिलें नाहीं. बांधांतील ‘मानस’ नांवाचीं लांकडी दारें भरतीच्या दाबानें मिटतात, ओहोटीला उघडतात. आंत खारटपणा सोसणारें कोरगूट भात पिके, खोलगट पाणथळींत मासळी वाढे. मानशीवरील मासेमारीच्या लिलावाचें उत्पन्न व बांधांची देखरेख, दोन्ही गांवकरी संस्थेच्या हातीं असत. १९६४ च्या कूळकायद्यानें कसणाऱ्यास न्याय मिळाला. परंतु पुढें बांध कुळांच्या संघांकडे गेले आणि ती सांगड सुटली. मासळीच्या लोभानें मानशी अवेळीं उघडूं लागल्या, कित्येक शेतें खारावलीं. शेत एकाचें असूं शकतें. बांध सर्वांचाच असावा लागतो.