त्रिचनापल्ली चिरूट
तमिळनाडू राज्यातील तिरुचिरापल्ली (ब्रिटिश अमदानीतील त्रिचनापल्ली) शहरात व त्याचाच भाग असलेल्या उरैयूर येथे हाताने वळला जाणारा गडद रंगाचा, कडक व स्वस्त चिरूट. ‘चिरूट’ हा शब्द ‘गुंडाळी’ या अर्थाच्या ‘शुरुट्टु’ या तमिळ शब्दापासून आला असून तो इंग्रजीत व मराठीतही रुळला आहे. सिगारचे ओठांत धरावयाचे टोक पानाच्या टोपीने बंद असते व ओढण्यापूर्वी ते कापावे लागते. चिरुटाची दोन्ही टोके उघडी असतात. व्यवहारात मात्र हा भेद नेहमीच काटेकोरपणे पाळला जात नाही.

पोर्तुगीजांनी भारतात आणलेली तंबाखू प्रथम दक्षिणेत रुजली. अकबराचा दरबारी असद बेग याने सु. १६०४ मध्ये विजापूरहून ती मोगल दरबारात नेली. जहांगीराने १६१७ मध्ये धूम्रपानास बंदी केली. परंतु तिचा फारसा परिणाम झाला नाही. तमिळ प्रदेशात पाने वळून ओढण्याची रीत रूढ झाली आणि एकोणिसाव्या शतकात दिंडुक्कलची तंबाखू व त्रिचनापल्लीचे कारागीर यांच्या जोरावर तेथील चिरुटास इंग्लंडातही गिऱ्हाईक मिळाले. हव्हाना सिगार न परवडणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांना व कारकुनांना तो सोयीचा होता. आर्थर कॉनन डॉइलच्या १८८७ मधील पहिल्या शेरलॉक होम्स कादंबरीत गुन्हेगाराने ओढलेला चिरूट त्रिचनापल्लीचा होता, हे केवळ राखेवरून ठरविले आहे; १८९० मधील दुसऱ्या कादंबरीत गोदावरीकाठच्या ‘लंका’ तंबाखूचाही उल्लेख येतो. राखेचा रंग व घट्टपणा पानातील खनिजांवर, म्हणजे बव्हंशी जमिनीवर व पाण्यावर, तसेच भरणाच्या प्रकारावर अवलंबून असतो; शहराच्या नावावर नव्हे. तेव्हा होम्सचा आत्मविश्वास कादंबरीलाच शोभणारा आहे. तथापि गडद व पापुद्र्यांची राख हे वर्णन अगदीच निराधार म्हणता येत नाही.

चिरुटाचे तीन भाग असतात : आतील भरण, ते बांधून ठेवणारे बंधक पान आणि बाहेरचे वेष्टन. भरणासाठी दिंडुक्कल भागातील ‘उसिकप्पल’ व ‘वट्टकप्पल’ हे प्रकार प्रसिद्ध होते. पहिल्याचे पान टोकदार, दुसऱ्याचे गोलसर असते. आंध्र प्रदेशातील लंका तंबाखू गोदावरीच्या पात्रातील बेटांवर, पुराने आणलेल्या गाळात पिकते. तेलुगू भाषेत अशा बेटास ‘लंक’ म्हणतात. तलम, लवचिक व निर्दोष वेष्टन-पान मात्र दक्षिण भारतात सहजी होत नसे, म्हणून काही कारखाने जावा-सुमात्राकडील पान आणवीत. कापलेली झाडे उन्हात व सावलीत वाळवून त्यांचे ढीग रचतात. ढिगात उष्णता निर्माण होऊन पाने आंबतात, अमोनिया उडून जातो, निकोटीन काहीसे घटते व रंग गडद होतो. ढीग वेळोवेळी उलथावा लागतो. तो फार तापला तर पान जळके होते व लवकर मोडला तर कच्चे राहते. मालाचे खरे भवितव्य येथेच ठरते. वळणाऱ्याचे कसब पुढचे.

अशा चिरुटाची परीक्षा करताना कडकपणा व भरदारपणा या दोन गुणांची गल्लत होते. कडकपणा हा निकोटिनाचा परिणाम होय; उपाशीपोटी ओढणाऱ्यास घाम, मळमळ व भोवळ येते ती त्यामुळे. भरदारपणा म्हणजे धुराचा दाटपणा व तो तोंडात भरून राहण्याचा गुण. झाडाच्या वरच्या, अधिक ऊन लागलेल्या जाड पानांत हे दोन्ही गुण बहुधा एकत्र आढळतात, पण एखादा चिरूट नुसताच कडक व चवीने पोकळ असू शकतो. स्वस्त मालात हाच दोष अधिक.

जाणकार प्रथम चिरूट बोटांत फिरवून पाहतो. कोठे गाठ लागली तर धूर अडणार. कोठे पोकळी असेल तर तेथे जळण धावणार. मग न पेटविता एक झुरका घेऊन ओढ व कोरड्या पानाचा वास अजमावतात. अमोनियाचा झणका आला, तर पान पुरते आंबलेले नाही असे समजावे. हा दोष पेटविल्यानंतर लपत नाही. पेटविताना टोक ज्योतीजवळ फिरवीत सर्व बाजूंनी सारखे धरवावे लागते. झुरक्यांत सुमारे एका मिनिटाचे अंतर ठेवतात, कारण घाईने चिरूट तापतो व चव करपते. मातकट, भाजलेल्या बियांसारखा, मिरीसारखा झोंबरा किंवा गुळचट असे स्वाद वर्णिले जातात. अशा वर्णनात ओढणाऱ्याच्या कल्पनेचा वाटाही असतो. जळणारी कड सरळ पुढे सरकते की एका बाजूने धावते, हे मात्र कोणालाही दिसते. जमिनीत किंवा विहिरीच्या पाण्यात क्लोराइडाचे प्रमाण अधिक असल्यास पान नीट जळत नाही व चिरूट वारंवार विझतो. पोटॅशियमाने ज्वलन सुधारते. मॅग्नेशियम पुरेसे असल्यास राख पांढरट होते. लांब अखंड पानांच्या भरणाची राख बराच वेळ टिकते, तुकड्यांच्या भरणाची लवकर झडते. स्वस्त चिरुटात तुकडे असणारच. तेवढ्यावरून तो टाकाऊ ठरविणे न्याय्य नव्हे. शेवटच्या तृतीयांशात डांबरी द्रव्ये साचून कडवटपणा येतो. तो किती उशिरा येतो, ही भरदार चिरुटाची चांगली कसोटी आहे. एकाच जुडीतील दोन-तीन चिरूट ओढल्याखेरीज मत देऊ नये, कारण स्वस्त मालाचा मुख्य प्रश्न चवीपेक्षा सातत्याचा असतो. त्रिचनापल्लीच्या चिरुटाची हव्हानाशी तुलना करून त्याला ओबडधोबड म्हणणे सोपे होते. त्या किमतीत तो काय देतो हे पाहणे अधिक योग्य ठरले असते. ब्रह्मदेशी चिरुटाशीही त्याची तुलना फसवी ठरते, कारण त्यात तंबाखूबरोबर लाकडाचे बारीक तुकडे असतात व वेष्टन दुसऱ्याच झाडाच्या पानाचे असल्याने तो सौम्य असतो.

विसाव्या शतकात सिगारेटच्या प्रसाराने चिरुटाचा ग्राहक घटला. १९४३ मध्ये तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर बसला. चिरुटाच्या तंबाखूचे संशोधन करण्यासाठी १९४८ मध्ये दिंडुक्कलजवळ वेडसंदूर येथे केंद्र स्थापन झाले. हाताने वळणाऱ्या कामगारांना १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कामाचे तास, रजा इत्यादींबाबत संरक्षण दिले. उद्योग तोवर बराच आक्रसला होता.

चिरुटाचा धूर फुप्फुसात घेत नाहीत, म्हणून तो निरुपद्रवी असा समज दीर्घकाळ होता. तो चुकीचा आहे. हा धूर अल्कधर्मी असल्याने त्यातील निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जाते, आणि तोंड, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आंध्र प्रदेशाच्या श्रीकाकुलम व विशाखापटनम भागांत ‘चुट्टा’ नावाचा ओबड चिरूट पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची चाल विशेषतः स्त्रियांत आढळते व तेथे टाळूच्या कर्करोगाचे प्रमाण लक्षणीय आहे. २००३ च्या तंबाखूविषयक कायद्याच्या कक्षेत चिरूट व सिगारही येतात. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास देशभर मनाई अमलात आली.