‘टीव्हीवर दाखवलं होतं’: नरकापर्यंत पोचलेल्या रशियन बोअरची गोष्ट

रशियात शास्त्रज्ञांनी इतका खोल बोअर मारला की थेट नरकालाच भोक पडलं, आत माइक सोडला तर हजारो माणसांच्या किंकाळ्या ऐकू आल्या. हा मेसेज किंवा त्याचा व्हिडिओ कधी ना कधी तुमच्याही फोनवर आला असेल. कुणी शंका काढली की उत्तर ठरलेलं असतं, ‘अहो, अमेरिकेत टीव्हीवर दाखवलं होतं.’

आणि या सगळ्या प्रकरणात तेवढंच एक वाक्य खरं आहे.

ट्रिनिटी ब्रॉडकास्टिंग नेटवर्क ही तेव्हा कॅलिफोर्नियात असलेली ख्रिस्ती धार्मिक वाहिनी. १९८९ मध्ये या वाहिनीवरून ही गोष्ट खरी घटना म्हणून सांगितली गेली. सायबेरियात कुणा डॉ. अझाकोव यांच्या पथकाने १४.४ किलोमीटर खोल भोक पाडलं, खाली पोकळी लागली, तिथलं तापमान १,१०० अंश सेल्सिअस निघालं आणि माइकमधून आक्रोश ऐकू आला, असा तिचा मजकूर. नरकावर ज्यांची मनापासून श्रद्धा आहे त्यांच्यासाठी हा करमणुकीचा विषय नव्हता. आपल्या विश्वासाचा पुरावा चक्क देव न मानणाऱ्या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी दिला, असा त्याचा अर्थ होत होता.

अफवेला खऱ्याचं थोडं विरजण लागतंच. इथे ते होतं कोला द्वीपकल्पावरच्या बोअरचं. सोव्हिएत संघाने मे १९७० मध्ये तिथे पृथ्वीच्या कवचाचा अभ्यास करण्यासाठी खोदकाम सुरू केलं. १९८४ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ने त्यावर सविस्तर लेख छापला होता, म्हणजे त्यात काही लपवाछपवीही नव्हती. १९८९ मध्ये हा बोअर १२,२६२ मीटरपर्यंत गेला. ठरवलं होतं १५ किलोमीटर, पण खाली १०० अंशांच्या आसपास तापमान असेल हा अंदाज चुकला, प्रत्यक्षात १८० अंश निघालं. एवढ्या उष्णतेत आणि दाबात खडक मऊ पडल्यासारखे वागायला लागले आणि पुढे खोदणं अशक्य झालं.

आता मेसेजशी ताडून बघा. जागा सायबेरिया नाही, त्याच्या कितीतरी पश्चिमेला, नॉर्वेच्या सीमेजवळ आहे. खोली दोन किलोमीटरने वाढवलेली, तापमान सहापट. भोकाची रुंदी जेमतेम २३ सेंटिमीटर, त्यातही खोदताना चिखलासारखा द्रव भरलेला असतो. पोकळी, हवा, आवाज यातलं काहीच तिथे बसत नाही. (आपल्याकडे कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल बोअर घेतलाय. तोही शास्त्रज्ञांनीच, तोही खडकांसाठीच. त्याच्या नशिबी अजून असा मेसेज आलेला नाही.)

पण या गोष्टीचा खरा मसाला विज्ञानात नाही, पडताळणीत आहे.

नॉर्वेतले एक शिक्षक अमेरिकेत गेले असताना त्यांनी ही गोष्ट त्या वाहिनीवर ऐकली. आपण काहीही पाठवलं तर हे लोक तपासतील का, हे बघायचं त्यांनी ठरवलं. घरी परतल्यावर त्यांनी वाहिनीला पत्र लिहिलं: आधी माझा विश्वास बसला नव्हता, पण आता नॉर्वेतल्या वर्तमानपत्रातही बातमी आली आहे आणि मला नरकाची भीती वाटू लागली आहे. सोबत नॉर्वेजियन भाषेतलं एक कात्रण जोडलं. ते होतं एका स्थानिक बांधकाम निरीक्षकाबद्दलच्या किरकोळ बातमीचं! त्याचा ‘अनुवाद’ मात्र त्यांनी स्वतः रचला. त्या भोकातून वटवाघळासारखी आकृती बाहेर आली, सगळ्यांना आठवण पुसणारं औषध दिलं गेलं, वगैरे वगैरे.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. पत्रात त्यांनी स्वतःचं खरं नाव, पत्ता, फोन नंबर दिला. शिवाय आपल्या ओळखीच्या एका पाद्रींचाही नंबर दिला. या पाद्रींना सगळं माहीत होतं आणि कुणी फोन केला तर खरं काय ते सांगून टाकायचं, असं ठरलेलं होतं. म्हणजे उत्तर पाकिटातच होतं. वाहिनीने न तपासता वटवाघळासकट ती गोष्ट प्रसारित केली. कात्रण नॉर्वेजियन जाणणाऱ्या कुणालाही दाखवलं असतं, तरी दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

फोन उचलला तो रिच ब्यूलर यांनी. ते स्वतः ख्रिस्ती रेडिओवरचे निवेदक, म्हणजे श्रद्धेची टिंगल करणाऱ्यांपैकी नव्हते. शिक्षकांना विचारल्यावर त्यांनी लगेच सगळं कबूल केलं. पण मूळ गोष्ट तर त्या पत्राच्या आधीची होती, म्हणून ब्यूलर मागे मागे जात राहिले. वाहिनीने टेक्सासच्या एका धर्मप्रचारकाकडे बोट दाखवलं. तिथून माग गेला ‘अम्मेन्नुसास्तिया’ या फिनलंडच्या नियतकालिकाकडे. नाव भारदस्त, पण निघालं एका लहान ख्रिस्ती गटाचं मासिक. तिथे लिहिणाऱ्याने एका दैनिकात वाचलेलं आठवणीतून लिहिलं होतं. दैनिकाकडे चौकशी केली तर तो मजकूर वाचकांच्या पत्रांच्या सदरातला निघाला. त्या वाचकाने तो फिनिश मिशनऱ्यांच्या एका पत्रिकेत वाचला होता आणि त्या पत्रिकेला तो कॅलिफोर्नियातल्या आणखी एका पत्रिकेच्या हवाल्याने मिळाला होता. फिरून फिरून गाडी परत कॅलिफोर्नियातच! तिथे माग संपला. डॉ. अझाकोव कुठेच सापडले नाहीत.

ब्यूलर यांनी हा सगळा प्रवास जुलै १९९० मध्ये ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ या मासिकात छापला. पुढे त्यांनी अफवा तपासणारी ‘ट्रुथ ऑर फिक्शन’ ही वेबसाइटही सुरू केली.

मग व्हिडिओतल्या त्या किंकाळ्या कुठून आल्या? ती ऑडिओ क्लिप गाजली २००२ मध्ये, आर्ट बेल यांच्या रेडिओ कार्यक्रमामुळे, म्हणजे मूळ बातमीनंतर तेरा वर्षांनी. ‘बॅरन ब्लड’ या १९७२ च्या भयपटातले आवाज जोडून आणि बदलून ती बनवल्याचं नंतर उघड झालं. बोअर १९८९ चा, आवाज त्याच्याही आधीच्या सिनेमाचा.

ब्यूलर यांना यासाठी देशोदेशी फोन लावावे लागले. आपलं काम त्यामानाने सोपं आहे. ‘टीव्हीवर सांगितलं’ असं कुणी म्हणालं, मग तो कीर्तनाचा कार्यक्रम असो, प्रवचन असो की एखाद्या बाबांची मुलाखत, तर आधी विचारायचं: तुम्ही स्वतः पाहिलं का? कुठल्या चॅनेलवर, साधारण कधी? बहुतेक वेळा गोष्ट पहिल्याच प्रश्नाला ‘आमच्या मेहुण्यांनी पाहिलं’ इथे येऊन थांबते. चॅनेलचं नाव मिळालं तर त्यांच्या स्वतःच्या यूट्यूब पानावर पूर्ण कार्यक्रम शोधायचा. कापलेली तीस सेकंदांची क्लिप चालत नाही. आणि कार्यक्रम खरंच सापडला, तर फक्त एवढंच कळलं की ते टीव्हीवर बोललं गेलं. बोलणाऱ्याला ते कुणी सांगितलं, हा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे विचारताना मात्र ग्रुपवर न विचारता वेगळा फोन केलेला बरा. चारचौघांत चूक दाखवली की माणूस मेसेज मागे घेत नाही, आणखी दोन पाठवतो.

कोलाचं खोदकाम १९९२ मध्ये थांबलं, पुढे ती जागाही ओस पडली. आज तिथे पडक्या इमारतींमध्ये बोल्टने घट्ट बसवलेलं एक गंजकं झाकण आहे.