नळ बंद असताना

नळाची तोटी बंद असते तेव्हा नळात काय असतं? वर्गात विचारून पाहा. बरीच मुलं ‘पाणी’ म्हणतील, काही ‘हवा’ म्हणतील. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या मुलांना दुसरं उत्तर जवळचं वाटेल, कारण पाणी यायच्या आधी नळ कसा फुसफुसतो ते त्यांना घरी ऐकून माहीत असतं. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. तिसरंही एक उत्तर आहे; ते कळायला मात्र माणसं दगावावी लागली.

१९३३ साली अमेरिकेत शिकागो शहरात मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. लांबलांबून आलेले पाहुणे हॉटेलांत उतरले, प्रदर्शन पाहून घरी गेले आणि आपापल्या गावी आजारी पडले. अमीबाजन्य आमांश होता तो. पण रुग्ण देशभर विखुरलेले, त्यामुळे रोग एकाच ठिकाणचा आहे हे लवकर कोणाच्या ध्यानात आलं नाही. काहींचं दुखणं अपेंडिक्सचं समजून शस्त्रक्रियाही झाल्या. सुमारे १४०० जणांना लागण झाली, ९८ माणसं मेली. माग काढत गेल्यावर शेजारशेजारच्या दोन हॉटेलांची जुनी नळव्यवस्था सापडली. तिथे सांडपाणी आणि पिण्याचं पाणी यांच्या नळांचे नको तिथे जोड होते. अभियंते अशा जोडांना क्रॉस कनेक्शन म्हणतात. या घटनेनंतर अमेरिकेत इमारतींच्या नळांकडे पाहण्याची दृष्टीच बदलली.

दुसरी गोष्ट १९६९ सालची, वूस्टर या गावातल्या होली क्रॉस कॉलेजची. तिथल्या फुटबॉल संघाला एकदम काविळीने गाठलं. ९७ खेळाडू आणि प्रशिक्षकांपैकी ९० जणांना लागण! हंगामातले उरलेले सामने रद्द करावे लागले. मैदानाला पाणी देण्यासाठी जमिनीतल्या खड्ड्यांत तोट्या बसवलेल्या होत्या. शेजारच्या वस्तीतली मुलं तिथे खेळत, आणि त्यांच्यातल्या काहींना कावीळ होती. या खड्ड्यांतलं घाण पाणी बंद नळात शिरलं कसं? त्या सुमारास गावात आग लागली होती. बंबांनी एकदम खूप पाणी ओढलं, वाहिनीतला दाब पडला आणि खड्ड्यातलं पाणी उलट्या दिशेने आत खेचलं गेलं. खेळाडू तेच पाणी प्यायले.

हे ‘खेचलं जाणं’ वर्गात दाखवता येतं. बाकावर बादली ठेवा, तिच्यात नीळ घातलेलं पाणी भरा. एक रबरी नळी पाण्याने पूर्ण भरून तिचं एक टोक बादलीत बुडवा आणि दुसरं खालच्या भांड्यात सोडा. निळं पाणी खाली येऊ लागेल. पाठ्यपुस्तकातली वक्रनलिका ती हीच. आता कल्पना करा, की बादली वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात आहे, नळाला लावलेली नळी तिच्यात बुडालेली आहे, पाणी गेलेलं आहे आणि तळमजल्यावर कोणीतरी तोटी उघडली. कपडे भिजवलेलं पाणी खालच्यांच्या हंड्यात! बादलीतलं टोक पाण्याच्या वर दोन बोटं उचला, नळीत हवा शिरते आणि प्रवाह तत्काळ थांबतो. नळाची तोटी टाकीतल्या पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा निदान नळाच्या व्यासाच्या दुप्पट उंच असावी, हा नियम यातूनच आला. यात बिघडणारा एकही भाग नाही, म्हणून मला तो कोणत्याही झडपेपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी, जिथे एकाच आवारात पिण्याचं पाणी, बॉयलरचं पाणी आणि रसायनांच्या टाक्या जवळजवळ असतात, तिथे तर या मोकळ्या अंतराला पर्याय नाही.

वूस्टरमध्ये दाब पडायला आग लागावी लागली. आपल्याकडे तो रोज पडतो, वेळापत्रक लावून पाडला जातो.

उल्हासनगर हा मुळात दुसऱ्या महायुद्धातला कल्याणचा लष्करी तळ. फाळणीनंतर सिंधमधून आलेले सुमारे एक लाख निर्वासित इथल्या बराकींत उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते गावाची पायाभरणी झाली. सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी उभारलेल्या या बराकी. त्यांना खोल्या जोडल्या गेल्या, मजले चढले, कारखाने आले. २०११ च्या जनगणनेत जेमतेम १३ चौरस किलोमीटरमध्ये पाच लाखांवर माणसं मोजली गेली. इतक्या दाट वस्तीत अरुंद गल्लीतून गटार आणि घरोघरच्या नळजोडण्या यांना एकच वाट उरते. चावीवाल्याने पाणी बंद केलं, की उतारावरची घरं वाहिनीत उरलेलं पाणी काढून घेतात आणि वरच्या भागातला नळ रिकामा होतो. गटारात बुडालेल्या नळाला गंजून भोक पडलेलं असेल, तर दिवसा ज्या भोकातून पाणी बाहेर गळतं, त्याच भोकातून आता गटार आत येतं.

त्यात मोटरची भर. पाणी कमी दाबाने येतं म्हणून एक घर नळाला थेट मोटर लावतं, मग शेजाऱ्यालाही लावावी लागते. मोटर नळातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहूनही खाली आणते. म्हणजे पाणी चालू असतानाही आजूबाजूची घाण आत ओढायची सोय झाली. मोटर लावणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण तासाभराच्या पाण्यात हंडे भरायचे तर त्याने तरी काय करावं?

याचं उत्तर बदलापुरात शोधलं गेलं. अंबरनाथ-बदलापूरची योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरण चालवत आलं आहे. बदलापूरजवळच्या बंधाऱ्यातून उल्हास नदीचं पाणी उचलायचं आणि शुद्ध करून द्यायचं. या शतकाच्या पहिल्या दशकात प्राधिकरणाच्या अभियंत्यांनी बदलापुरातल्या पाण्याला चोवीस तास करायचं ठरवलं. डॉ. संजय दहासहस्र यांनी २००७ मध्ये या कामाची पद्धत लेखरूपाने मांडली. शहराचे नळ नकाशासह संगणकावर उतरवायचे, कुठे किती दाब राहील याचं गणित करायचं, जलकुंभांनुसार विभाग पाडायचे, गळती शोधायची. चोवीस तास म्हणजे जास्त पाणी लागणार, अशी सगळ्यांची समजूत. पण वेळेवरच्या पाण्यात काय होतं पाहा: नवं पाणी आलं की कालचं ‘शिळं’ पाणी ओतून द्यायचं, आणि पाणी कधी येईल याचा नेम नाही म्हणून तोटी उघडीच ठेवायची. नळाला कधीही पाणी असेल तर साठवायचंच कशाला? पुढे कराडजवळच्या मलकापूरने मीटर आणि वापरानुसार चढत्या दरांच्या आधारे चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. बदलापूरपुढे मात्र वेगळीच अडचण होती. २००१ मध्ये ९८ हजारांच्या आत असलेली वस्ती २०११ मध्ये १ लाख ७४ हजारांवर गेली; गणित केलेलं शहर गणित होईपर्यंत बदलत होतं.

सततच्या दाबाने खरंच किती फरक पडतो? हुबळी-धारवाडमध्ये काही भागांत चोवीस तास आणि बाकी भागांत ठरावीक वेळी पाणी दिलं जात होतं. तिथली मोजमापं २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. वेळेवर येणाऱ्या पाण्याच्या सुमारे ३२ टक्के नमुन्यांत ई. कोलाय हे विष्ठेतले जीवाणू सापडले. चोवीस तासांच्या पाण्यात हे प्रमाण १ टक्क्याहून कमी होतं. पाणी सुरू झाल्यावर येणारी पहिली धार जास्त दूषित असते, हेही त्यात दिसलं. पहिलं पाणी भांडी-लादीसाठी बाजूला काढणाऱ्या आपल्या घरांतल्या बायकांना हे कोणी शिकवलं नव्हतं.

शाळेच्या नळावर हे तपासता येईल. नळाच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन उरलेलं असावं, असं भारतीय मानक सांगतं. डीपीडी गोळीने ते मोजता येतं. क्लोरिन असेल तर पाणी गुलाबी होतं. एक नमुना पाणी आल्याआल्या घ्या, दुसरा पंधरा मिनिटांनी. पहिल्या नमुन्याला रंग चढला नाही आणि दुसऱ्याला चढला, तर मधल्या तासांत नळात काय शिरलं असेल, ते मुलांनाच सांगू द्या.